पेजेच्या पुढची पायरी

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकनगुनियाने उच्छाद मांडला, तेव्हा आमच्या सहकारनगरच्या घरात एकाच आठवड्यात दोघी आडव्या झालो. एक मी आणि दुसऱ्या आमच्याकडे अठरा वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. बहुधा डासही एकच असावा. गॅलरीतल्या मनीप्लँटच्या बाटलीत त्याची वंशावळ नंतर सापडली. मी बँकेतली, रजा शिल्लक होती. नवऱ्याला कुकर लावता येतो आणि कुकरमध्ये काय लावायचं ते सासूबाईंना कळतं. सहाव्या आठवड्यात मी कठडा न धरता जिना उतरले. मावशी अकराव्या दिवशी कामावर हजर झाल्या, आणि दिवाळी उलटली तरी कणीक मळताना एका हाताने दुसरं मनगट धरत होत्या.

दोन बायकांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. त्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, काम कष्टाचं, गुडघे आधीच बोलायला लागलेले. पण मला त्यांच्या डिस्चार्जच्या कागदाबद्दल बोलायचं आहे. ताप चढला तेव्हा त्यांना दोन दिवस रुग्णालयात ठेवलं होतं. कागदावर निदान होतं, प्लेटलेटचे आकडे होते, सलाइन किती लावलं ते होतं, गोळ्यांची नावं होती. अगदी तळाला घाईघाईने खरडलेली एक ओळ: हाय प्रोटीन डाएट, रेस्ट. वरच्या कोपऱ्यात 'वजन' अशी छापील चौकट होती. ती रिकामी होती.

मावशींनी तो कागद औषधाच्या दुकानात दाखवला. दुकानदाराने शेवटची ओळ वाचली आणि प्रोटीन पावडरचा साडेपाचशे रुपयांचा डबा पुढे केला. मावशींनी तो मुकाट्याने घेतला. त्याच महिन्यात तीन घरांनी त्यांचे खाडे कापले होते. म्हणजे पगार अर्ध्यावर आलेला असताना, घरात डाळ आणायची की डबा, या प्रश्नाचं उत्तर त्या कागदाने परस्पर देऊन टाकलं.

आपल्याकडे आजार ताप उतरला की संपतो. रुग्णालयाच्या लेखी संपतो, मालकाच्या लेखी संपतो, घरातल्यांच्या लेखीही संपतो. त्यानंतरचे जे आठवडे, कधी महिने असतात, तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही, सकाळी मूठ वळत नाही असे, त्यांना कोणी वाली नाही. त्या काळातलं खाणं हा उपचाराचाच भाग आहे असं माझं म्हणणं आहे. उपचार म्हटला की तो कोण देणार, त्याचे पैसे कुठून येणार, तो पोचला की नाही हे कोण बघणार, असे प्रश्न विचारता येतात. 'पौष्टिक खा' हा नुसता सल्ला राहिला की यातलं काहीच विचारता येत नाही. पाळला नाही तर दोष रुग्णाचा.

विषाणूंच्या बाबतीत हे शहर काही अडाणी नाही. १९५२ मध्ये इथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, तेच पुढे राष्ट्रीय विषाणू संस्था झालं. कर्नाटकातल्या जंगलात माकडं पटापट मरत होती तेव्हा, १९५७ मध्ये, त्यामागचा क्यासनूरचा विषाणू इथल्याच शास्त्रज्ञांनी शोधून काढला. देशभरात डेंगी-चिकनगुनियाच्या तपासणीसाठी जे किट वापरतात ते इथून जातात. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी २००९ च्या ऑगस्टमध्ये याच शहरात गेला, महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला इथेच सापडले, २०२४ मध्ये झिकाही एरंडवण्यापर्यंत येऊन गेला. इतके विषाणू अंगाखांद्यावर खेळवलेल्या शहराला, विषाणू गेल्यावर माणसाचं काय होतं याचं कुतूहल जरा जास्त असायला हवं होतं.

काय होतं, ते सांगते. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा बसल्याजागीचा ऊर्जेचा खर्च साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढतो. नेमकी त्याच वेळी भूक मरते. प्रतिकारशक्तीचे जे रेणू ताप आणतात तेच भूकही मारतात. मग जमा कमी आणि खर्च जास्त, ही तूट कुठून भरायची? चरबी तर जळतेच, पण नव्या पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं बनवायला अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, लागतात, आणि त्यांची शरीरातली मोठी कोठी म्हणजे स्नायू. शरीर मांड्या-पोटऱ्या मोडून संरक्षणाचा खर्च भागवतं. त्यात अंथरुणावर पडून राहणं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही धडधाकट वयस्कर माणसांना फक्त दहा दिवस बिछान्यात झोपवून ठेवलं होतं. ताप नाही, आजार नाही, शिफारशीएवढी प्रथिनं रोज मिळत होती. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांमधलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. आता यात चार दिवसांचा एकशे तीनचा ताप आणि उपाशी पोट मिळवा. माणूस 'बरा' होऊन उठतो तेव्हा त्याला जिना उंच झाल्यासारखा वाटतो, तो उगीच नाही.

लोहाचंही तसंच. जंतूला लोह मिळू नये म्हणून शरीर आजारपणात ते लपवून ठेवतं, आतड्यातून आत येऊ देत नाही. त्यामुळे तापात घेतलेल्या लोहाच्या गोळ्या बऱ्याचशा वाया जातात. त्यांची वेळ नंतरची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं होतं. म्हणजे निम्म्याहून अधिक बायका या लढाईत उतरतात त्याच मुळी रिकाम्या कोठारानिशी.

आणि थकवा हा मनाचा खेळ नव्हे, हेही एकदा नोंदवून ठेवू. ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावाच्या परिसरात २५३ रुग्णांचा पाठपुरावा करून २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे आजार तीन वेगवेगळ्या जंतूंचे, त्यातला एक विषाणू चिकनगुनियाचा जवळचा भाऊबंद. सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के रुग्ण अजून गळून गेलेले होते, आणि हे प्रमाण तिन्ही आजारांत जवळपास सारखं होतं. कुणाचा थकवा लांबेल हे त्याच्या स्वभावावरून कळलं नाही, सुरुवातीचा आजार किती जोराचा होता त्यावरून कळलं. करोनानंतर जगाला हे नव्याने कळल्यासारखं झालं. सुनेला 'नाटकं करते' म्हणणाऱ्या घरांना ते अजूनही कळलेलं नाही.

आता खाण्याकडे वळू. आपल्याकडे दुखणाइताला काय देतात? पेज. कण्हेरी. साबुदाण्याची लापशी. ग्लुकोजची बिस्किटं चहात बुडवून. मोसंबीचा रस, शहाळं. पहिल्या तीन दिवसांसाठी यातलं काहीच वाईट नाही. पाणी पोटात जातं, थोडी साखर जाते, मळमळत असताना एवढंच जिरतं. पण तिथेच आपण थांबतो. 'हलकं' या शब्दाने मराठी स्वयंपाकघरात फार नुकसान केलं आहे. साबुदाणा हलका, कारण त्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काहीही नाही. प्रथिनांच्या नावाने शून्य म्हटलं तरी चालेल. त्यावर पंधरा दिवस काढणाऱ्या माणसाच्या मांड्या भरतील कशाच्या जोरावर?

गंमत म्हणजे जिच्या नावाने आपण हे सगळं करतो, ती परंपरा इथे थांबत नाही. चरकसंहितेत शोधनानंतरच्या, म्हणजे शरीर साफ करणाऱ्या उपचारांनंतरच्या आहाराचा एक क्रम दिला आहे, संसर्जन क्रम. आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग साधं यूष म्हणजे कढण, मग स्नेह-मीठ घातलेलं यूष, आणि शेवटी मांसरस. तो पंचकर्मानंतरचा क्रम आहे, तापानंतरचा शब्दशः नव्हे. पण त्यातली समजूत स्वच्छ आहे. पथ्य ही शिडी आहे, तिच्यावर चढायचं असतं. माझ्या सासूबाईंनी चरक वाचलेला नाही. त्यांनी मला तीन दिवस पेज दिली, चौथ्या दिवशी मेतकूट-तूप घालून गुरगुट्या भात, मग मुगाचं कढण बिनफोडणीचं, मग जिऱ्याची फोडणी दिलेलं. दहाव्या दिवसापासून हुलग्याचं माडगं, दही, रोज मूठभर भिजवलेले शेंगदाणे, आणि आमच्यात चालतं म्हणून दोन अंडी. आमच्या शेजारच्या मराठ्यांच्या घरात याच जागी अळणी पाणी येतं, मटणाचं, बिनतिखटाचं. पायऱ्या त्याच, जिना ज्याचा त्याचा. शहरातल्या बहुतेक घरांत मात्र पथ्य पहिल्या पायरीवर बसून राहतं. तिथून थेट उडी मारायची ती किवीवर.

किवीचं काय सांगावं! डेंगीचा सीझन लागला की मंडईत किवी, ड्रॅगन फ्रूट आणि पपईची पानं यांना भाव चढतो. त्या पावसाळ्यात तीन किवींचा एक डबा मी सव्वाशे रुपयांना पाहिला. तेवढ्या पैशांत तेव्हा डझनभर अंडी आणि पाव किलो शेंगदाणे येत होते. डेंगीत प्लेटलेट घसरतात आणि ताप उतरल्यावर काही दिवसांत आपोआप वर येतात. बहुतेक रुग्णांत त्या तशाही वर येणारच असतात. मग त्या दिवसांत जे पोटात गेलं त्याला श्रेय मिळतं. पपईच्या पानांच्या अर्कावर प्रयोग झालेत, काहींत आकडा जरा लवकर चढलेला दिसला. पण त्याने कुणाचा जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही. किवी चांगलं फळ आहे. पेरूही आहे, आणि क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरू कुणाला हार जाणारा नाही. पण नातेवाईक भेटायला येताना पेरू आणत नाहीत.

खुद्द चिकनगुनियाच्या नावानेही गोंधळ घातला आहे. हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. आजार ओळखला गेला तो १९५२-५३ च्या सुमारास, आजच्या टांझानियात. आपल्या कानांना त्यात 'चिकन' ऐकू आलं. २००६ च्या मोठ्या साथीत देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, आणि कित्येक घरांनी त्या काळात कोंबडी बंद केली. ज्यांना प्रथिनांची सर्वात जास्त गरज होती त्यांच्याच ताटातून ती गेली. अजूनही मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतं, 'यात चिकन चालतं का हो?' चालतं. डासाला तुम्ही काय जेवलात याच्याशी देणंघेणं नाही.

मावशींचं रोजचं जेवण एकदा त्यांच्याबरोबर बसून मोजलं. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि भाजी. पुन्हा चहा. रात्री भात आणि पातळ आमटी, जिच्यात डाळ पाचजणांत मिळून मूठभर. माझ्या हिशोबाने २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं. त्यांच्या अंगलटीच्या, म्हणजे ५५ किलोच्या आसपासच्या निरोगी बाईला रोज साधारण ४५ ग्रॅम लागतात. आपल्याकडची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे. आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसासाठी पोषणतज्ज्ञ किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात, म्हणजे ६५ च्या पुढे. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशोब लागू नाही, तिथे डॉक्टरांनाच विचारायचं.) ही दरी बरीचशी भरायला जे लागतं ते सगळं मंडईच्या बाहेरच्या भुसारी दुकानात मिळतं: वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही, दोन अंडी. बेरीज केलीत तर तीस ग्रॅमच्या जवळ जाते.

आणि तो साडेपाचशेचा डबा? दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं आणि मग त्यांना पुन्हा उभं कसं करायचं ते तपासलं. काहींना जीवनसत्त्वं दिली, काहींना जादा प्रथिनं. त्या जादाच्या गोष्टींनी फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो एकूण अन्न किती मिळालं याने. पोट भरत नसेल तर शरीर वरून घातलेली प्रथिनंही सरपण म्हणून जाळतं. दोन भाकऱ्यांवर दोन चमचे पावडर घेणं म्हणजे ओल्या चुलीत चंदन घालणं. २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही स्नायू कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळा असंच म्हटलं आहे.

मग मी मावशींना म्हटलं, रोज दोन अंडी खा, इथेच उकडून खा. पहिल्या दिवशी खाल्ली. दुसऱ्या दिवशी बघते तर अंडी पदराच्या टोकाला बांधलेली.

"धाकट्याला आवडतात हो ताई. आणि त्याची बारावी."

यावर काय बोलणार? घरात अन्न असणं आणि ते त्या बाईच्या पोटात जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गरीब घरात त्या निराळ्या आहेतच, माझ्या घरातही शेवटची पोळी कोण खातं ते मला ठाऊक आहे. शिवाय कॅलेंडर. डासांचा हंगाम आणि आपला व्रतांचा हंगाम एकच. श्रावणात ताप येतो, भाद्रपदात माणूस उठतो आणि अश्विनात बायका नऊ दिवस उपास धरतात. सांधे सुजलेली, वजन घटलेली बाई भरून यायच्या ऐन दिवसांत नऊ दिवस साबुदाण्यावर. मी उपास सोडा असं सांगणाऱ्यांतली नाही. सांगून कोणी सोडतही नाही. मी मावशींना एवढंच म्हटलं, साबुदाणा बाजूला ठेवा; राजगिरा चालतो, भगर चालते, दही चालतं, शेंगदाणे तर चालतातच. देवीची त्याला हरकत नाही. त्या हसल्या, आणि दाण्याची आमटी-भगर मात्र त्यांनी मनापासून केली.

आपल्या समाजाला भरून येण्याचा काळ ही कल्पनाच माहीत नाही, असं नाही. बाळंतिणीचा सव्वा महिना बघा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरी, खसखस, शेक, मालिश, कामाला हात लावायचा नाही. त्यातली काही पथ्यं निरर्थक असतील, पण व्यवस्था पक्की आहे: अन्न ठरलेलं, विश्रांती ठरलेली, करणारं माणूस ठरलेलं, मुदत ठरलेली. विषाणूने पिळून काढलेल्या बाईला यातलं काहीच मिळत नाही, कारण तिच्या दुखण्याच्या शेवटी पाळणा हलत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अन्नाने चिकनगुनियाची सांधेदुखी बरी होत नाही. ती प्रतिकारशक्तीच्या गडबडीमुळे होते, महिनोन्‌महिने टिकली तर संधिवाताच्या डॉक्टरांकडेच जावं लागतं. हळदीच्या दुधाने ती गेल्याचं सांगणाऱ्यांना माझा नमस्कार. करोनानंतरच्या रेंगाळलेल्या आजारावरही कुठला खास आहार सापडलेला नाही. त्यातल्या काही रुग्णांना तर जरा जास्त श्रम केले की पुढचे दोन-तीन दिवस उठवत नाही. त्यांना 'खा आणि व्यायाम कर' म्हणणं चक्क अपायाचं आहे. मग अन्न करतं काय? ते कमतरता भरून काढतं. खड्डा असेल तर भरतं. खड्डा नसेल तर वरून कितीही ओतलं तरी डोंगर होत नाही, म्हणून सुखवस्तू माणसाच्या इम्युनिटीच्या गोळ्या आणि काढे मला वायफळ वाटतात.

खड्डा भरण्याने काय होतं याचा उत्तम दाखला गोवराचा आहे. गोवराच्या तापात मुलांच्या अंगातलं अ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं, आणि डोळे जातात, न्यूमोनिया होतो, मुलं दगावतात. म्हणून गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचे दोन डोस द्या, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. २०२२ च्या शेवटी मुंबई, मालेगाव, भिवंडीकडे गोवर उसळला तेव्हाही हे डोस दिले गेले. तिथे पोषण हे औषधाच्या बाटलीत आलं, म्हणून आरोग्यखात्याला ते आपलं वाटलं. डाळ गोणीत येते, तिला कोणी आपलं म्हणत नाही.

क्षयाच्या बाबतीत सरकारने ही भिंत ओलांडली आहे. क्षयाचा जंतू विषाणू नव्हे, तरी उदाहरण जवळचं आहे. २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात उपचार चालू असेपर्यंत महिन्याला ५०० रुपये जमा होत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या मोठ्या चाचणीत क्षयरुग्णांना दर महिन्याला १० किलोचा शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. काही घरांत बाकीच्या माणसांनाही शिधा दिला. ज्या घरांत सगळ्यांना मिळाला तिथे नवे क्षयरुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यात मृत्यू कमी दिसले. डाळ-तांदळाला आपल्या देशात इतकं चोख प्रमाणपत्र क्वचितच मिळालं असेल.

मग डेंगी-चिकनगुनिया, करोना, जोराचा फ्लू यांतून उठणाऱ्या गरीब रुग्णाला एका महिन्याचा शिधा का नाही? दोन किलो डाळ, किलोभर शेंगदाणे, तीस अंडी किंवा तेवढ्याच तोलाचे फुटाणे आणि सोयाबीन, अर्धा लिटर तेल. तेव्हाच्या भावाने सात-आठशे रुपये. नोंदीची यंत्रणा आहेच. तपासणी पॉझिटिव्ह आली की पालिकेचा माणूस घरी येऊन कुंड्या आणि कूलर तपासतो, अळ्या सापडल्या तर पावती फाडतो. आमच्याकडेही आला होता, योग्यच केलं. डासाच्या घराची इतकी चौकशी होते, तर त्याच खेपेत रुग्णाच्या घरच्या डब्यात काय आहे तेही बघता येईल.

'सगळ्यांना फुकट वाटत बसायचं का?' हा प्रश्न मला आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर विचारला गेला, आणि तो गैर नाही. सगळ्यांना नको. मला नको. शिधापत्रिका आहे आणि वजन घटलं आहे, अशांना द्या. आणि ही काही आकाशातली मागणी नाही. २०२० मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर रेशनवर मोफत धान्याबरोबर कुटुंबामागे महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरा मिळत होता. म्हणजे जमतं. साथ ओसरली तशी डाळ गेली, तांदूळ-गहू राहिले. अंड्याचं तर विचारूच नका. शाळेतल्या पोषण आहारात २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं आलं, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी काढून घेतला. अंडं आलं की आपल्या राज्यात धर्म येतो, धर्म आला की ताट मागे पडतं. ज्यांना नको त्यांना फुटाणे द्या, केळं द्या, आणि विषय संपवा.

दुसरी गोष्ट सरकारवर ढकलण्यासारखी नाही. घरकामगारांसाठी राज्यात २००८ चा कायदा आहे, मंडळ आहे. पण मोलकरणीला आजारपणाची भरपगारी रजा देणारी व्यवस्था आहे ती फक्त तुमच्या-माझ्या मनाच्या मोठेपणावर. शिधा देऊनही बाई अकराव्या दिवशी कामाला आली तर त्या शिध्याचा अर्धा भाग जिना चढण्यातच जळतो. बँकेने मला सहा आठवडे बसून पगार दिला. ती रजा मला माझ्या गुणवत्तेबद्दल मिळाली नव्हती, युनियनने भांडून मिळवलेली होती. कट्ट्यावर मी हे बोलले तेव्हा दोघींनी मान डोलावली आणि एकीने पाणी कधी येणार ते विचारलं.

या सगळ्यात बिनपैशाचं, उद्यापासून करता येण्याजोगं काही असेल तर ते म्हणजे वजन. दाखल होताना एकदा, घरी जाताना एकदा, महिन्याने एकदा. ताप कमी झाला का, प्लेटलेट वाढल्या का, हे विचारणाऱ्या प्रत्येकाने हा तिसरा आकडा विचारावा. मग डॉक्टरांना कळेल कुणाचं शरीर भरून येतंय आणि कुणाचं येत नाही, शिधा कुणाला द्यायचा यावरचे वादही आपोआप कमी होतील.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मावशींना घेऊन चौकातल्या औषधाच्या दुकानात गेले. तेच दुकान, पावडरवालं. दारात वजनाचं यंत्र आहे. मावशींनी चपला काढल्या, पिशवी माझ्या हातात दिली, पदर सावरून उभ्या राहिल्या. काटा सत्तेचाळीसवर थांबला.

"कमी झालं का हो ताई?" त्यांनी विचारलं.

पिशवीत तो डिस्चार्जचा कागद चार घड्या घालून ठेवलेला होता. मी तो उघडला आणि पुन्हा ती चौकट पाहिली.